अ‍ॅल्युमिनियमला ‘पाणी देता’ येत नाही!

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत मी ओघात बोलून गेले की ६०६१ या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची पट्टी भट्टीतून काढून पाण्यात विझवली की मऊ असते. झालं! खाली नुसती जुंपली. “मॅडम, उलटं बोललात.” “एडिटिंगमध्ये घोळ झालाय.” एकाने तर लिहिलं, “आधी पोलाद शिका.” अहो, पोलाद शिकले होते म्हणूनच फसले. सांगते.

आधी पाढे पटकन उरकू. अ‍ॅल्युमिनियमच्या १०००, ३०००, ५००० या मालिका भट्टीने कडक होत नाहीत. त्यांना ताकद येते ती लाटून, ओढून. भट्टीत घातल्या तर नरमच पडतील. २०००, ६००० (आपली ६०६१ हिच्यातली) आणि ७००० या मालिका होतात. तापवायचं, विझवायचं, मग मुरवायचं, म्हणजे कमी उष्णतेवर किंवा नुसतंच बराच वेळ ठेवून द्यायचं. एजिंगला मी मुरवणं म्हणते, ज्यांना खटकतं त्यांनी एजिंग म्हणा.

आता घोळ कुठे आहे? आपल्या शब्दातच. पोलादाला आपण ‘पाणी देतो’. लालबुंद छिन्नी पाण्यात, चर्रर्र, आणि कडक! ते खरंच आहे, तिथे विझवतानाच आतली रचना बदलून मार्टेन्साइट नावाची कडक रचना तयार होतं. हेच चित्र डोक्यात घेऊन लोक अ‍ॅल्युमिनियमकडे येतात.

६०६१ मध्ये ५३० अंश सेल्सिअसच्या आसपास मॅग्नेशियम आणि सिलिकॉन घन धातूतच विरघळतात. हळू गार केलं तर ते बाहेर पडून मोठमोठे, निरुपयोगी कण होतात. पाणी फक्त त्यांना बाहेर पडायला वेळ देत नाही. बस्स, एवढंच पाण्याचं काम. कडकपणा अजून आलेलाच नाही! तो मुरवताना येतो, विरघळलेले अणू बारीक पुंजके करून जमतात तेव्हा.

(दोन पट्ट्या कॅमेऱ्याजवळ)

एकाच लांब पट्टीचे तुकडे. ३ मिलिमीटर जाड, २० रुंद, शिकंज्याबाहेर ३० सेंटिमीटर. डावी आत्ताच पाण्यातून काढली. उजवी विझवून नंतर १७५ अंशांवर ८ तास मुरवली, म्हणजे टी६. टोकाला ३०० ग्रॅम लावते. दोन्ही साधारण ८ मिलिमीटर खाली. सारख्याच! हे बघून ठेवा, कारण “टी६ केल्यावर फ्रेम कमी लवेल ना?” हा प्रश्न दर आठवड्याला येतो. नाही लवणार कमी. लवचिकतेचा गुणांक, म्हणजे वजनाखाली किती लवायचं ते ठरवणारा आकडा, ७० गिगापास्कलच्या आसपास राहतो, भट्टी काहीही करो. आता दोन किलो. डावीने मान टाकली. उजवी बरीच वाकली, पण वजन काढलं की… सरळ. फरक हा आहे. पूर्ण नरम ६०६१ साधारण ५५ मेगापास्कलला कायमची वाकते, टी६ साधारण २७५ ला.

अजून पटत नसेल तर विमानाचे रिव्हेट घ्या. २०२४ नंबरच्या मिश्रधातूचे रिव्हेट विझवून थेट फ्रीझरमध्ये ठेवतात. का? कारण विझवल्यावर ते मऊ असतात आणि बाहेर ठेवले तर आपोआप कडक होत जातात, मग ठोकता येत नाहीत. पाण्यानेच कडक झाले असते तर फ्रीझर कशाला?

आल्फ्रेड विल्म याला १९०६ मध्ये जर्मनीत हेच दिसलं. तांबं-मॅग्नेशियमवालं अ‍ॅल्युमिनियम त्याने विझवलं, मोजलं, काही खास नाही. काही दिवसांनी पुन्हा मोजलं तर कडकपणा वाढलेला! त्यातून ड्युरॅल्युमिन आलं, झेपेलिन हवाई जहाजांचे सांगाडे त्याचेच. आत नेमकं काय होतं, ते बारीक पुंजके गिनिए आणि प्रेस्टन या शास्त्रज्ञांना क्ष-किरणांनी दिसायला १९३८ उजाडलं.

आणि मी? पहिली पट्टी विझवली, कानस घासली, लोण्यासारखी गेली. म्हटलं, नीट तापली नसेल. पुन्हा तापवली. पुन्हा मऊ. तिसऱ्यांदा ठरवलं, लाल होईपर्यंत थांबायचं. अ‍ॅल्युमिनियम लाल होत नाही हो! ते वितळायला लागतं तरी रुपेरीच दिसतं. ६०६१ साधारण ५८० च्या पुढे पाझरायला लागतं. कोपरा गळून विटेवर. ही बघा, ठेवलीय अजून. गंमत म्हणजे आधी विझवलेला दुसरा एक तुकडा खणात पडला होता. दोन आठवड्यांनी सहज कानस मारली, तर चांगलीच अडखळली. तेव्हा ट्यूब पेटली.

विझवताना खरी घाई कुठे करायची माहितेय? भट्टीचं दार ते पाणी. जाड मालाला १५ एक सेकंद, पातळ पत्र्याला त्याहून कमी. ४०० ते २९० अंशांच्या पट्ट्यातून धातू झपाट्याने खाली यायला हवा. बादली भट्टीशेजारीच हवी. दार उघडून “चिमटा कुठंय?” करत बसलात, तर पुढचे ८ तास फुकट.

“मग १६ तास मुरवलं तर दुप्पट कडक?” नाही. कण फुगत जातात, विरळ होतात, ताकद उतरते. ७००० मालिकेतल्या ७०७५ मध्ये मात्र मुद्दाम तसं करतात, त्याला टी७३ म्हणतात. थोडी ताकद सोडून द्यायची आणि ताणाखाली गंजून तडकण्याचा धोका कमी करायचा.

वेल्डिंगचं विचारलंय बऱ्याच जणांनी. टी६ वेल्ड केलं की शेजारचा पट्टा नरम पडतो, त्यावर वेगळा…

(टायमर वाजतो)

थांबा, आठ तास झाले. चिमटा कुठंय?