लेंडीतला जंत आणि मेंदूतला जंत

मंडळी, विषय ‘पट्टकृमींचा बंदोबस्त’ असा जाहीर झालाय, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंतांचा. त्यावर येतोच. पण आधी एका मेंढीची गोष्ट सांगू द्या. ती सांगितल्याशिवाय पुढचं काही पटायचं नाही.

मी नोकरीत नवा होतो. एक मेंढपाळ पानात बांधून लेंड्या घेऊन आला. त्यांवर भाताच्या शितांसारखे पांढरे तुकडे. “डॉक्टर, मेंढी पंधरा दिवस एकाच अंगाला गोल फिरतीय. ह्या जंतांनीच केलं ना?” मी हो म्हणालो. तुकडे मोनिझियाचे, म्हणजे मेंढीच्या आतड्यातल्या पट्टकृमीचे होते, समोर दिसत होते. अल्बेंडाझोल हे जंताचं औषध पाजलं. तुकडे पडायचे थांबले, मेंढीचं फिरणं थांबलं नाही. पुढे ती कुंपणाला डोकं टेकून उभी राहू लागली, आणि मेली.

कवटी उघडली. मेंदूच्या एका बाजूला कोंबडीच्या अंड्याएवढी, पाण्याने तट्ट फुगलेली पिशवी. आतल्या अंगाला पांढऱ्या ठिपक्यांचे पुंजके. त्यातला एकेक ठिपका म्हणजे एकेका पट्टकृमीचं डोकं! हा टीनिया मल्टिसेप्स. ह्याचा मोठा जंत मेंढीत नसतोच, तो कळप राखणाऱ्या कुत्र्याच्या आतड्यात असतो. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी चाऱ्याबरोबर मेंढीच्या पोटात जातात आणि तिथून अळी मेंदू गाठते. मी आधीच कवटी चाचपली असती तर कदाचित मऊ जागा हाताला लागली असती. अशी पिशवी शस्त्रक्रियेने काढता येते. ते मी केलं नाही, ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि पुढचं ऐका. माझं काम संपताच मेंढपाळाने ते डोकं उचललं, कुत्र्याला टाकायला. मी हात धरला. तो रागावला, “आजवर असंच करत आलोय.” अहो, म्हणूनच तर! पिशवीतली ती डोकी कुत्र्याच्या पोटात गेली की तिथे त्यांचे मोठे जंत होतात.

माझी तक्रार आपल्या सवयीवर आहे. आपण जंताला लांबीवरून भितो. मोनिझिया कित्येक मीटर वाढतो, पण मोठी जनावरं तो बहुधा सोसतात. त्रास होतो तो कोवळ्या कोकरांना, करडांना. उलट कुत्र्यातला एकिनोकोकस हा पट्टकृमी जेमतेम 2 ते 7 मिलिमीटर. तो कुणाला दिसत नाही. पण त्याची अंडी मेंढीच्या आणि माणसाच्याही यकृतात, फुफ्फुसात पाण्याच्या गाठी करतात.

वेळ संपत आली म्हणताहेत, तेव्हा बंदोबस्त भराभर सांगतो. मोनिझिया कुरणातल्या बारीक माइट किड्यांतून येतो, हे स्टंकार्ड ह्या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1937 साली दाखवलं. त्यामुळे आज औषध पाजलं तरी त्याच कुरणात पुन्हा लागण होते. कोकरांना नव्या कुरणावर न्या. आयव्हरमेक्टिन आणि लेव्हामिसोल गोल जंतांसाठी आहेत, पट्टकृमींवर चालत नाहीत. कुत्र्याला दर सहा आठवड्यांनी वजनाप्रमाणे प्राझिक्वांटेल हे पट्टकृमींचं औषध द्या. त्याने जंत मरतो, अंडी मरत नाहीत, म्हणून पुढच्या दोन-तीन दिवसांची विष्ठा गोळा करून जाळा. मेलेल्या किंवा कापलेल्या जनावराचं डोकं, यकृत, फुफ्फुस कच्चं टाकू नका. खोल पुरा, नाहीतर चांगलं उकळून द्या. गाईच्या आणि डुकराच्या मांसातल्या टीनियाच्या अळ्या मात्र कुत्र्याकडून येत नाहीत, माणसाकडून येतात. तिथे औषध माणसाला द्यायचं, आणि गोठ्याजवळ, चाऱ्याच्या शेतात कुणी उघड्यावर शौचाला बसायचं नाही.