कुंपण शेत खातं तेव्हा

(पडद्यावर: सूक्ष्मदर्शकाखाली उंदराच्या स्वादुपिंडाचा काप. गुलाबी-जांभळ्या पेशी आणि मधेमधे पांढरे फुगे.)

हे पांढरे फुगे नीट बघा. काही तासांपूर्वी ते इथे नव्हते.

या उंदराला दर तासाला सेरुलिनचं इंजेक्शन दिलंय. सेरुलिन पहिल्यांदा सापडलं ते एका ऑस्ट्रेलियन बेडकाच्या कातडीत. स्वादुपिंडाला ते एकच सांगतं: पाचकरस सोड. पण मात्रा फारच वाढली की पेशी रस सोडायचंच थांबवते, आणि आत असे फुगे धरायला लागतात.

स्वादुपिंड म्हणजे जठरामागे आडवी पडलेली, वीतभर लांबीची ग्रंथी. प्रथिनं पचवणारं ट्रिप्सिन ती बनवते, पण झोपलेल्या रूपात, ट्रिप्सिनोजेन म्हणून. त्याला जाग यायची ती लहान आतड्यात गेल्यावर. ती आधीच, पेशीतच आली तर कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं. हाच आजार म्हणजे स्वादुपिंडदाह. त्यात ही ग्रंथी स्वतःलाच पचवते, हे प्रागमध्ये हान्स कियारी यांनी १८९६ सालीच मांडलं होतं.

रुग्णाला यातलं काही दिसत नाही. त्याला कळते ती वरच्या पोटातून थेट पाठीत शिरणारी कळ. आडवं पडवत नाही, पुढे वाकून बसलं तर जरा बरं. पित्ताशयातले खडे आणि दारू ही नेहमीची दोन कारणं.

(पडद्यावर: एका फुग्याचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातलं चित्र. आत अर्धवट विरघळलेले कण.)

पण ट्रिप्सिनला अवेळी उठवतं कोण? उत्तराचा एक धागा या फुग्यात आहे. पेशी आपली रोजची झाडलोट करते, तिला ऑटोफॅजी म्हणतात. त्यामागची जनुकं यीस्टमध्ये शोधणाऱ्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. मोडकंतोडकं सामान दुहेरी पडद्याच्या पिशवीत भरायचं, पिशवी लायसोसोमला, म्हणजे पेशीतल्या पाचकरसाच्या थैलीला जोडायची, आत सगळं विरघळवायचं. लायसोसोममधलं कॅथेप्सिन एल हे विकर ट्रिप्सिनोजेनला निकामी करतं, तर कॅथेप्सिन बी त्यालाच जागं करतं. स्वादुपिंडदाहात हा तोल ढळतो. लायसोसोमच्या पडद्यावरचं लॅम्प-२ हे प्रथिन घटतं. कचरा पिशव्यांत भरून दाराशी ठेवलाय आणि घंटागाडी येतच नाही, अशी गत होते. पडद्यावरचे फुगे म्हणजे याच तुंबलेल्या पिशव्या.

घंटागाडी अडवणाऱ्यांत मायक्रोआरएनएचाही हात आहे. जेमतेम २२ अक्षरांचा हा आरएनएचा तुकडा. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना १९९३ मध्ये तो मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत उमगला. नोबेल मिळालं २०२४ मध्ये. जनुकाकडून निघालेल्या निरोपाला तो चिकटतो आणि त्या निरोपाचं प्रथिन बनू देत नाही. मायक्रोआरएनए-३०ए बेक्लिन-१ चा निरोप दाबतो, म्हणजे पिशवी बांधायला सुरुवातच होऊ देत नाही. उंदरांवरच्या कामात मायक्रोआरएनए-३५२ लॅम्प-२ आणि कॅथेप्सिन एल या दोघांवरही हात ठेवताना दिसला. इथे पिशव्या भरतात, रिकाम्या होत नाहीत.

मग एखाद्या मायक्रोआरएनएने ऑटोफॅजी थोपवली तर ते चांगलं की वाईट? इथे घाई नको. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांच्या या पेशींतून एटीजी-५ हे ऑटोफॅजीचं जनुकच काढून टाकलं, तर सेरुलिनचा तडाखा सौम्य झाला. पुढे जर्मनीत तेच जनुक स्वादुपिंडातून काढलं, तर उंदरांना हळूहळू जुनाट स्वादुपिंडदाह जडला. झाडू काढून घेतला की त्या दिवशीची धूळ उडत नाही, एवढंच. म्हणून अमुक मायक्रोआरएनए गुणी आणि तमुक खलनायक, अशा मथळ्यांवर माझा तरी विश्वास बसत नाही. तो पिशवी बांधताना अडवतो की रिकामी होताना, हे आधी विचारावं.

(पडद्यावर: रक्ताची नळी, मग सलाईनची बाटली.)

पेशी फुटल्या की त्यांच्यातले मायक्रोआरएनए-२१६ए आणि २१७ रक्तात उतरतात, प्राण्यांत हे मोजलं गेलंय. वॉर्डात मात्र आजही निदानाला रक्तातलं लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचं चरबी पचवणारं विकर लागतं, नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट किंवा जास्त. उपचार म्हणजे सलाईन, वेदनाशामक, आणि सोसेल तसं लवकर तोंडाने खाणं. खडा अडकला असेल तर तो काढायचा. पिशव्या रिकाम्या करणारं औषध त्या ट्रॉलीवर अजून नाही.