फेरीबोट आणि माटोळी

नमस्कार मंडळी. आयोजकांनी विषय दिलाय पन्नाशीनंतरच्या आठवणींचा, आणि समोर बघतोय तर निम्मे लोक चष्मा शोधताहेत, म्हणजे विषय जमलाय.

चावी सापडली नाही की आपण लगेच म्हणतो वय झालं. पण बऱ्याचदा ती आपण विसरलेलो नसतोच हो, ठेवताना कानाला फोन, डोक्यात बँकेचं काम, मग मेंदूत नोंद होणार कशी? जे नोंदलंच नाही ते आठवणार कुठून.

५ जुलै १९८६ ला आपल्या गोव्यात मांडवी नदीवरचा नेहरू पूल कोसळला. मी तेव्हा कॉलेजात, राहायला पर्वरीला, आणि १९९२ मध्ये नवा पूल होईपर्यंत बेती-पणजी फेरीबोटीवर भिस्त. पावसात ही रांग, छत्र्या एकमेकांच्या डोळ्यात, शिव्या सगळेच घालायचे, मीपण. पण आजही तिथली मासेवाली दिसते मला, पाटीतलं पाणी माझ्या नव्या कॅनव्हासच्या बुटांवर ठिबकायला लागलं तर तिने पायाने पाटी सरकवली, तीही दुसऱ्याच कुणाच्या तरी बुटांकडे! आता २०१९ पासून मांडवीवर अटल सेतू आहे, मी कायम त्यावरून जातो, पण गेल्या मंगळवारी वाटेत काय बघितलं विचाराल तर शून्य.

यावर मानसशास्त्रवाले म्हणतील, अहो तुम्ही तेव्हा तरुण होता, चाळिशी ओलांडलेल्या माणसाला साधारण दहा ते तीस वयातलंच जास्त आठवतं, त्यात फेरीबोटीचं कौतुक कसलं. मान्य, ते संशोधन खरंच आहे.

पण मग माटोळीचं काय? बाबांचे गुडघे गेले तेव्हा चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची रानफळांची लाकडी चौकट, बांधायचं काम माझ्याकडे आलं, वय पन्नाशीपार. कवंडळ, कांगलां, घागऱ्यो, आंबाडे, तोरिंग, सुपारीचं शिपटं, एकेक केवणीच्या दोराने बांधायचं, आणि घाई केली की कांगलांचे दाणे गळतात, डायरेक्ट गणपतीच्या पाटावर. बाबा खुर्चीत बसून नुसते सांगायचे, "जड मध्ये घे रे, कडेला नको, चौकट कलते." ते सगळं मला आठवतंय, कुठला नारळ कुठे होता इथपर्यंत. तरुण होतो म्हणून नव्हे, हात सावकाश चालत होते म्हणून, असं मला वाटतं. आणि बाबा गेल्यावर त्यांचा फोटो बघून जेवढे आठवत नाहीत तेवढे ते गाठ मारताना आठवतात, भाद्रपदातल्या म्हाळाच्या पानापेक्षाही जास्त, आमच्या भटजींना हे सांगू नका.

सावकाश म्हणजे हातावर हात ठेवून बसणं असं मी म्हणत नाही, माटोळी बांधली की कंबर मोडते. नोकरीत असताना एवढा वेळ कुणाला असतो तेही कळतं मला.

यंदा चिरंजीव म्हणाले, "पप्पा, म्हापशाच्या बाजारातून सगळं बांधूनच आणूया, अर्ध्या तासात काम." म्हटलं आण, पण दोर सोड, सगळं सुटं करून इथे ठेव आणि शिडी धर.