बांध फुटला, मग कायदा झाला

नमस्कार श्रोतेहो.

सहावी-सातवीच्या मुलांना मी इतिहास शिकवते. एकदा वर्गात विचारलं, हम्मुराबी कोण? एका सुरात उत्तर आलं: बॅबिलोनचा राजा, २८२ कलमं, डोळ्याच्या बदल्यात डोळा. पाठांतर चोख होतं. मी पुढे विचारलं, "कुणाच्या डोळ्याच्या बदल्यात कुणाचा डोळा?" त्यावर मात्र एकही हात वर झाला नाही. चूक मुलांची नव्हती. मी त्यांना एक आकडा आणि एक घोषवाक्य दिलं होतं. त्या कायद्याच्या आत माणसं आहेत, हे सांगायचं राहूनच गेलं होतं.

तेव्हापासून मी हा धडा उलटा शिकवते. आधी भांडण, मग कायदा. कलम लिहिलं गेलं त्याच्या आधी कधीतरी कुणाचं तरी नुकसान झालेलं असणार, नाहीतर तसं नुकसान होईल अशी धास्ती तरी वाटलेली असणार. आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलांना भांडण फार चांगलं कळतं. आधी कोणी खोडी काढली, मुद्दाम झालं की चुकून, कोण उगाच मध्ये पडलं, याचा तपास करण्यात ती मोठ्यांना ऐकायची नाहीत.

म्हणून मी कायद्याचं नावही न घेता गोष्ट सांगायला लागते. तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांमधला सपाट मुलूख, म्हणजे मेसोपोटेमिया, बहुतेक आजच्या इराकमधला. दक्षिणेकडे पाऊस इतका थोडा की नुसत्या पावसावर पीक हाती लागत नाही. नदीचं पाणी कालव्यांनी आणि पाटांनी शेतात आणायचं, आणि ज्याने त्याने आपल्या हद्दीतला बांध नीट राखायचा. एकाने आळस केला. बांधाला भगदाड पडलं आणि पाणी शेजाऱ्यांच्या पिकात शिरलं. आता निवाडा करा.

मुलं तावातावाने बोलू लागतात. बुडालं तेवढं धान्य त्याने भरून द्यावं, यावर लवकरच एकमत होतं. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, "पण त्याच्याकडे तेवढं धान्य नसलं तर?" इथे मी हम्मुराबीची ५३ आणि ५४ ही कलमं शेजारी-शेजारी लिहिते. ५३वं म्हणतं, धान्य भरून द्यावं. ५४वं म्हणतं, ते जमत नसेल तर त्या माणसाला आणि त्याच्या चीजवस्तूला विकावं, आणि ज्यांचं पीक वाहून गेलं त्यांनी आलेली रक्कम वाटून घ्यावी. मागच्या बाकावरचा प्रश्न सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या लेखनिकालाही पडला होता, हे बघून मुलं हरखतात. दुसऱ्याच क्षणी त्यांच्या लक्षात येतं की उत्तर काय दिलंय. "माणसाला विकायचं?"

घर बांधणाऱ्याची कलमं मी नेहमी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवते, कारण ती घाईत उरकता येत नाहीत. २२९वं कलम: कच्चं बांधलेलं घर कोसळून मालक मेला, तर बांधणाऱ्याला देहदंड. २३०वं: मालकाचा मुलगा मेला, तर बांधणाऱ्याच्या मुलाला देहदंड. २३१वं: मालकाचा गुलाम मेला, तर गुलामाच्या बदल्यात गुलाम. ही तीन कलमं मी वाचून दाखवते आणि थांबते. एका वर्षी एक मुलगी बराच वेळ फळ्याकडे बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "पण त्याच्या मुलाने काय केलं होतं?"

शिक्षक मित्रांनो, हा प्रश्न आला की दोन उत्तरं जिभेवर तयार असतात. एक, "ते लोक रानटी होते." दुसरं, "त्या काळी असंच चालायचं." दोन्ही गिळून टाका. दोन्हींनी विचार तिथेच संपतो. मी त्या मुलीलाच विचारलं की या कलमात नुकसान कुणाचं मोजलंय. ती पुन्हा वाचत गेली आणि तिला सापडलं: बापाचं. मुलगा मेला हे मुलाचं नुकसान म्हणून धरलेलंच नाही, बापाचं काहीतरी हिरावलं गेलं असं धरलंय. म्हणून शिक्षा म्हणजे दुसऱ्या बापाचं तेवढंच हिरावून घेणं. एवढं उमगल्यावर तिने त्या समाजाला माफ केलं नाही, आणि करावं असं मलाही वाटत नाही. पण आता तिला नेमकं कशाचा राग येतोय ते सांगता येत होतं.

मग डोळ्याकडे वळता येतं. १९६वं कलम सांगतं, अवीलूम म्हणजे प्रतिष्ठित, स्वतंत्र माणसाचा डोळा दुसऱ्या अवीलूमने फोडला, तर त्याचा डोळा फोडावा. पण मुश्केनूम, म्हणजे खालच्या दर्जाच्या माणसाचा डोळा फोडला, तर एक मिना चांदी द्यायची. एक मिना म्हणजे साधारण अर्धा किलो. आणि दुसऱ्याच्या गुलामाचा डोळा फोडला, तर गुलामाच्या किमतीच्या निम्मी रक्कम, तीही त्याच्या मालकाला. डोळ्याच्या बदल्यात डोळा होता, तो बरोबरीच्या माणसांपुरता.

इथे एक गैरसमज लगेच दूर करावा लागतो. हम्मुराबीची संहिता जगातली पहिली, असं मुलांच्या कानावर असतं. हम्मुराबीचा काळ साधारण इ.स.पू. १७९२ ते १७५०. त्याच्याही सुमारे तीनशे वर्षं आधीची, सुमेरी भाषेतली, उर-नम्मू या राजाच्या नावाने ओळखली जाणारी संहिता आपल्याला सापडलेली आहे. तिच्यात डोळा फोडल्याबद्दल अर्धा मिना चांदीचा दंड आहे, डोळा फोडणं नाही. जुनं तेवढं क्रूर आणि पुढे पुढे सौम्य, ही सरळ रेघ मुलं मनात आखून बसतात. ती एवढ्याने मोडते.

आता हाताने करायचं काम. तळहाताएवढी ओली माती घ्यायची, थापून तिची पाटी करायची आणि बोरूच्या टोकाने तिच्यावर टोचून लिहायचं. दोघा-दोघांनी करार करायचा: अमक्याने अमकी वस्तू घेतली, अमक्या दिवशी परत करीन, साक्षीदार दोन. पाटी जरा सुकली की तिच्यावर मातीचंच पातळ पाकीट चढवायचं आणि तोच मजकूर वरूनही लिहायचा. मेसोपोटेमियात असे पाकीटबंद करार खरोखर होत. वरच्या मजकुरावरून वाद झाला तर पाकीट फोडून आतला मजकूर बघता येई. हे मी तोंडी सांगते तेव्हा मुलं मान डोलावतात. पण कुणीतरी गुपचूप पाकिटावरचा "दोन"चा "तीन" करतं, मग सगळ्यांसमोर पाकीट फुटतं आणि आत "दोन" निघतो, तेव्हा पुरावा या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मातीचे हात, मळलेले बाक, सगळं सोसावं. दोन तास त्यात जातात आणि ते मला कधीच वाया गेले असं वाटलं नाही.

हम्मुराबीची ही कलमं ज्या शिळेवर कोरलेली आहेत, तिच्याबद्दलही थोडं. काळ्या दगडाची, सव्वादोन मीटर उंच. वर शमश हा सूर्यदेव बसलेला, तोच न्यायाचा देव, आणि त्याच्यासमोर राजा उभा. फ्रेंच उत्खनकांना ती १९०१-०२ मध्ये बॅबिलोनमध्ये नाही, तर इराणमधल्या सूसा इथे मिळाली. एलाम या तिथल्या जुन्या राज्याच्या राजाने लूट म्हणून ती तिकडे नेली होती. आज ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. दर्शनी बाजूला खालचे काही रकाने खरवडलेले आहेत, म्हणून मधली काही कलमं मातीच्या पाट्यांवरच्या नकलांवरून भरून काढावी लागतात. आणि मुलांनी पाठ केलेला तो २८२ आकडा हम्मुराबीचा नाहीच. शिळेवर कलमांना क्रमांक नाहीत. शेल नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १९०२ मध्ये अनुवाद छापताना ते घातले.

आणखी एक गोष्ट मुलांपासून लपवू नये. त्या काळातले करार आणि निवाडे हजारोंनी सापडलेत, पण त्यांत या संहितेचा आधार घेतलेला जवळजवळ दिसत नाही. ही कलमं न्यायाधीश खरोखर वापरत की राजाने आपण किती न्यायी आहोत हे दाखवायला ती कोरली, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. सातवीतली मुलं हा वाद छान घालतात. त्यातच कुणी सिंधू संस्कृतीच्या कायद्यांबद्दल विचारतं. तिथली लिपी अजून वाचता आलेली नाही, पण दूरदूरच्या नगरांत वजनं एकाच मापाची सापडतात. मापात खोट नको, हे तिथे ठरलेलं असावं, असा तर्क मुलं स्वतःच करतात, आणि तो मला पटतो.

शिळेच्या शेवटच्या मजकुरात हम्मुराबी म्हणतो की, ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्याने माझ्या प्रतिमेसमोर यावं आणि हा लेख वाचून घ्यावा, माझे शब्द ऐकावेत. ऐकावेत, कारण वाचता येणारी माणसं मोजकी होती. म्हणून मीही धड्याच्या शेवटी एक कलम मोठ्याने वाचते आणि पुस्तकं मिटायला सांगते. ते ४८वं कलम, माझ्या शब्दांत, तुम्हीही ऐका.

एखाद्यावर कर्ज असेल, आणि वादळाने त्याचं शेत झोडपलं, किंवा पुराने पीक नेलं, किंवा पाणीच नसल्यामुळे धान्य पिकलं नाही, तर त्या वर्षी त्याने सावकाराला धान्य देऊ नये. त्याने आपली कराराची पाटी भिजवावी, आणि त्या वर्षीचं व्याज देऊ नये.

भिजवावी, म्हणजे ओल्या मातीवर नवा मजकूर लिहिता येईल. गेल्या वेळी हे वाचून झाल्यावर एका मुलाने विचारलं, "सावकाराने पाटी भिजवू दिली नाही तर?" तास संपल्याची घंटा झाली होती, पण कुणी उठलं नाही.