पुस्तक मागच्या पानापासून उघडा

नमस्कार, श्रोतेहो.

घरात कुणाला दिवस गेल्याचं कळलं की आठवडाभरात दोन गोष्टी येऊन थडकतात: सल्ले आणि पुस्तकं. सल्ले या कानानं ऐकून त्या कानानं सोडता येतात. पुस्तक मात्र उशाशी मुक्काम ठोकतं, आणि रात्री अडीच वाजता, सगळं घर झोपलेलं असताना, आपण त्यालाच विचारायला जातो. म्हणून आज हे गर्भारपणाचं पुस्तक कसं निवडावं, त्याबद्दल बोलते.

माझ्या पहिल्या खेपेला ताईनं तिचंच पुस्तक दिलं होतं. तिची मुलगी तोवर शाळेत जायला लागली होती, म्हणजे पुस्तक किती जुनं ते बघा. पानोपानी पेन्सिलीच्या रेघा, एके ठिकाणी समासात ‘आज पहिल्यांदा हलली’. मला त्या पुस्तकाचा फार जिव्हाळा. आठव्या महिन्यात माझे तळहात-तळपाय खाजायला लागले. अंगावर पुरळ नाही, काही नाही, पण रात्री पाठ टेकली की खाज सुरू. पुस्तकाच्या शेवटी सूची नव्हती, त्यामुळे पानं चाळत बसले. ‘आठवा महिना’ या प्रकरणात चार ओळी सापडल्या: त्वचा ताणली जाते, खाज येते, क्रीम लावावं. लावलं.

पुढच्या तपासणीला नर्सनं सहज विचारलं, “झोप लागते ना?” म्हटलं, “कुठली झोप, खाजवण्यात रात्र जाते.” ती वजन लिहीत होती, तिथंच थांबली. “पोटाला खाज येते का तळव्यांना?” त्याच दिवशी रक्त तपासायला दिलं. गर्भारपणात कधीकधी यकृतातून पित्त नीट वाहत नाही, पित्ताम्लं रक्तात साठतात, आणि खाज सुटते, ती बहुधा तळव्यांना आणि रात्री जास्त. आईला त्रास होतोच, पण प्रमाण फार वाढलं तर बाळाला धोका असतो. म्हणून लक्ष ठेवावं लागतं, वेळ पडली तर बाळंतपण थोडं अलीकडे आणावं लागतं. माझं सगळं निभावलं. पुस्तक काही खोटं बोललं नव्हतं, पोट ताणून खाज येतेच. उरलेलं अर्धं तेवढं त्यानं सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून मी असं पुस्तक मागून उघडते. आधी सूची आहे का बघते. असली तर ‘खाज’ काढते. तिथं तळव्यांचा उल्लेख असेल तर पुस्तक हातात राहतं.

मग ‘बाळाची हालचाल’. शेवटच्या दिवसांत जागा अपुरी पडते म्हणून बाळ कमी हलतं, असं वाक्य दिसलं तर पुस्तक सरळ परत ठेवा. लाथांची तऱ्हा बदलेल, पण हालचाल कमी व्हायला नको. कमी वाटली तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात कळवायचं, हे पुस्तकानं स्पष्ट लिहायला हवं. तसंच अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधुक दिसणं, बरगड्यांखाली दुखणं, चेहरा एकाएकी सुजणं. शेवटची चार लक्षणं विसाव्या आठवड्यानंतर वाढणाऱ्या रक्तदाबाच्या आजाराची असू शकतात. सुरुवातीला बाईला काहीच जाणवत नाही, म्हणून तर प्रत्येक खेपेला रक्तदाब आणि लघवी तपासतात. हे सगळं एका पानावर, ठळक, चटकन सापडेल असं हवं. तेराव्या प्रकरणात पुरलेलं नको.

आता पुढचं पान, प्रकाशनाचं. तिथं ‘पुनर्मुद्रण’ लिहिलंय की ‘सुधारित आवृत्ती’, ते नीट वाचा. पुनर्मुद्रण म्हणजे जुनाच मजकूर नव्या कागदावर. मधल्या काळात बरंच बदललंय. जागतिक आरोग्य संघटना पूर्वी गर्भारपणात किमान 4 तपासण्या सांगायची, 2016 पासून 8 सांगते. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर टाळा, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2020 मध्ये दिला. आणि 1990 च्या आधीच्या कित्येक पुस्तकांत बाळाला पालथं झोपवा असा सल्ला असायचा. आज तो कुणीही देणार नाही, बाळाला उताणंच झोपवायचं.

महिन्यांऐवजी आठवड्यांनी मांडलेलं पुस्तक सोयीचं, कारण डॉक्टर आठवड्यांतच बोलतात. मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, एकूण 40 आठवडे. त्यामुळे पहिले दोन आठवडे गर्भ नसतोच, हा हिशेब पहिलटकरणीला नीट समजावलेला असावा. फॉलिक अ‍ॅसिडचं पान तर खरं दिवस राहण्याआधीच वाचायचं. रोज 400 मायक्रोग्रॅम, कारण बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून घडतात ती नलिका गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते. तोवर पुष्कळजणींना आपल्याला दिवस गेलेत हेच ठाऊक नसतं.

पुस्तकाचा सूरही ऐका. गर्भपाताचं प्रकरण उघडा, लगेच कळेल. पहिल्या तीन महिन्यांतल्या बऱ्याच गर्भपातांचं मूळ गुणसूत्रांतल्या दोषात असतं, आईच्या हातून काही चुकलेलं नसतं. ‘जड उचललंत का, मन प्रसन्न ठेवलंत का’ असं विचारणारं पुस्तक, कागद कितीही गुळगुळीत असो, मी विकत घेणार नाही. सिझेरियनला हार म्हणणारंही नाही. आणि बाळंतपणानंतरच्या दिवसांना किती पानं दिलीत तेही मोजा. टाके, दूध, आठवडेच्या आठवडे न हटणारी उदासी, हे सगळं तीन पानांत उरकलं असेल, तर ते पुस्तक नेमक्या गरजेच्या वेळी तुम्हाला सोडून जाणार.

परवा ताईची लेक आली. तिला चौथा महिना. म्हणाली, “मावशी, आईचं ते पुस्तक आहे का गं अजून?” काढून दिलं, आणि सोबत एक नवंही दिलं. नवं तिनं माझ्यासमोर मागून उघडलं, ‘खाज’वर बोट ठेवलं आणि हसली. मग जुनं चाळता चाळता समासातल्या त्या पेन्सिलीच्या ओळीपाशी आली, ‘आज पहिल्यांदा हलली’. बराच वेळ पान उलटलं नाही तिनं.

“ही मी?” तिनं विचारलं.