इळा घरी ठेवून वावरात

(गावच्या वाचनालयात पालकांपुढं दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

‘लेकरांना घेऊन घराजवळ कुठं फिरायचं’ हा विषय मला दिला, तेव्हा मला हसूच आलं. हा प्रश्न शहरातल्या माणसाला पडावा. आपलं तर घरच वावराच्या तोंडाशी. पण मग आठवलं, नोकरीत असताना एकदा सहावीच्या पोरांना विचारलं होतं, सुटीत कुठं जायला आवडेल? मॉल झाला, स्विमिंग पूल झाला, ताडोबा झालं. वावर कोणीच म्हणालं नाही. एक पोट्टा तर तोंडावर म्हणाला, “सर, वावरात गेलं का बाबा कामाले लावते.”

खोटं नव्हतं ते. मी स्वतः तेच केलंय. माझी पोरं लहान होती, पौषातला रविवार होता, हुरडा खायला म्हणून नेलं. वावरात पाय ठेवला तर पऱ्हाटी पांढरीफट्ट फुटलेली. मी म्हणालो, “दोनच तास वेचू, मग आगटी पेटवू.” माझ्या डोक्यात वावरातले तास, म्हणजे पिकाच्या ओळी, पोरांच्या डोक्यात घड्याळातले. लागले चार! दिवस मावळला, हुरड्याची कणसं पिशवीतून तशीच घरी आली. आज पोरगा नोकरीला लागलाय, तरी हुरडा म्हटलं की हसतो आणि बोटं दाखवतो. बोंडांनी ओरबाडलेली बोटं त्याला आठवतात, हुरड्याची चव नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. महिन्यातून एक दिवस वावरात जा, पण इळा, विळी, फवारणीचा पंप घरी ठेवून जा. तण दिसलं तरी उपटायचं नाही. हे फार अवघड आहे, मला माहीत आहे. कास्तकाराचा हात आपोआप खाली जातो.

चिखलदरा, लोणार पाहू नका असं मी म्हणत नाही. लोणारचं विवर उल्का आदळून बेसॉल्ट खडकात झालंय, २०२० मध्ये ते महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आलं, अवश्य दाखवा. पण तिथं गाडी लागते, पैसे लागतात, आणि वर्षातून एकदाच होतं. वावरात निखाऱ्यांवर भाजायच्या रोडग्यांना काय लागतं?

रोडगे आपण कार्यक्रमाला करतो, शंभर माणसांचे. चार माणसांचे करून पाहा. जाडसर कणीक, त्यात मीठ, ओवा, तेलाचं मोहन. घट्ट भिजवा. एक पोळी लाटून तिला तेल लावायचं, तिचा गोळा दुसऱ्या पोळीत बांधायचा, तो तिसरीत. हे बांधायचं काम लेकरांना द्या, वेडेवाकडे होऊ द्या. गोवऱ्यांचा जाळ पूर्ण बसून लाल निखारे झाले की मगच रोडगे टाका. घाई केली की वरून कोळसा आणि आत कच्ची कणीक. वरून गरम राख ओढा, अधूनमधून फिरवा. मग फडक्यात घेऊन राख झटका आणि मुठीनं दाबून फोडा. आतले पदर सुटून वाफ निघाली की त्यावर तूप. शेजारी गंजात वरण आणि वांग्याची भाजी. जे पोरगं घरी वांग्याला नाक मुरडतं, ते इथं दुसऱ्यांदा मागतं.

हुरड्याचं दुःख वेगळं आहे. सोयाबीन आलं आणि ज्वारी गेली, हुरडा आता विकत आणावा लागतो. धुऱ्याकाठी, म्हणजे बांधाच्या कडेला, चार तास ज्वारी पेरा ना, पाखरं खातील ती खातील.

पाखरांवरून आठवलं. पावसाळ्यात श्रावण-भादव्याला विहिरीवर वाकलेल्या सिंदीला किंवा बाभळीला सुगरणीचे खोपे दिसतात. तीस पावलं दूर धुऱ्यावर बसा आणि अर्धा तास गप्प राहा. पिवळ्या डोक्याचा पक्षी पात्याच्या कडेला चोचीनं खाच पाडतो आणि उडताना लांब धागा फाडून नेतो. तो नर असतो. नाव सुगरण, पण विणकाम सगळं नराचं! (बाया हसल्या, पुरुष मंडळी जरा गप्प झाली.) अर्धा खोपा झाला की मादी येऊन तपासते. पसंत पडला तर तो पुढची नळी विणतो, नाही तर तसाच लोंबकळत सोडून दुसरा सुरू करतो. ते अर्धवट खोपे लेकरांना मोजायला सांगा. तोडायचे मात्र नाहीत, आणि विहिरीच्या काठावर एकट्यानं जायचं नाही.

आता रात्र. ओलिताला रातची विजेची लाइन येते, त्याबद्दल मी काही बोलत नाही, बोललो तर व्याख्यान तिथंच संपेल. पण त्या निमित्तानं आपल्यातल्या कित्येकांना तारे ओळखता येतात आणि आपण ते लेकरांना सांगत नाही. पौष-माघात रात्री आठला मृग नक्षत्र चांगलं वर आलेलं असतं. मधले तीन तारे म्हणजे आपलं तिकांडं, हरणाच्या पोटात घुसलेला बाण. त्या तिघांची रेघ खाली वाढवली की सगळ्यात तेजस्वी तारा लागतो, तो व्याध. ध्रुव शोधायचा तर उत्तरेला तोंड करून हात ताठ धरा आणि क्षितिजावर मुठीवर मूठ ठेवा. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. आपण विदर्भात वीस-एकवीस अक्षांशावर राहतो, म्हणून आपला ध्रुव दोन मुठींवर असतो. श्रीनगरला तो साडेतीन मुठींवर, कन्याकुमारीला एका मुठीच्याही खाली. लेकराची मूठ लहान, पण हातही आखूड, त्यामुळे हिशोब जवळपास जमतो.

टॉर्च आणि बूट मात्र हवेतच. घोणस आणि मण्यार जास्त करून रात्री फिरतात. उन्हाळ्यात आठच्या आत घरी या. आणि वीज कडाडत असेल तर झाडाखाली थांबू नका.

मागून कोणीतरी विचारतंय, “सर, त्याच दिवशी मजूर आले तं?” येतीलच. त्यांनाही रोडगे द्या. येत्या अमावास्येला मी तळ्यामागच्या धुऱ्यावर बसणार आहे, कणीक प्रत्येकानं आपली आणायची. गोवऱ्या माझ्याकडं आहेत.