क्रूझ लागत नाही? आधी ब्रेकलाइट बघा

श्रोतेहो, नमस्कार. घोडबंदर रोडवर क्रूझ कंट्रोल, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता ठरवलेला वेग धरून ठेवणारी सोय, लागलं नाही म्हणून गाडीला दोष देऊ नका. बहुतेक गाड्यांत ताशी 40 किलोमीटरच्या आसपास पोचल्याशिवाय ते लागतच नाही, आणि कासारवडवलीला तेवढा वेग मिळायलाही नशीब लागतं! पण कळंबोली मागे टाकून तुम्ही एक्स्प्रेसवेवर आलात, रस्ता मोकळा आहे, डॅशबोर्डवर क्रूझचा दिवाही आला, तरी ‘सेट’ दाबल्यावर वेग धरला जात नाही, तर मात्र बिघाड आहे.

ब्रेकबद्दल जराशी शंका आली तरी गाडीचा कॉम्प्युटर क्रूझ नाकारतो. म्हणून शोध ब्रेक पेडलपासूनच सुरू करायचा.

अंधार पडल्यावर गाडी भिंतीला पाठ करून लावा, हेडलाइट बंद ठेवा, इग्निशन चालू करा. पेडलवर पाय नसतानाही भिंत लाल दिसते का? दिसत असेल, तर टॉर्च घेऊन पेडलच्या वरच्या बाजूला बघा. अनेक गाड्यांत पेडलच्या दांड्याच्या भोकात रबराचं किंवा प्लास्टिकचं छोटं बटण बसवलेलं असतं. पेडल वर आलं की हे बटण ब्रेकलाइटच्या स्विचची दांडी आत दाबून धरतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं त्याचा चुरा होतो, दांडी भोकातून आरपार जाते आणि ब्रेक दाबलेलाच आहे असं गाडीला वाटतं. फ्लोअर मॅटवर प्लास्टिकचे तुकडे सापडले, तर निदान झालंच म्हणा. वस्तू किरकोळ, पण दिवे रात्रभर जळून बॅटरीही उतरवते.

ब्रेकलाइट नीट लागतात म्हणून स्विच चांगला, असंही नाही. चार वायरींच्या स्विचमध्ये सहसा संपर्कांच्या दोन जोड्या असतात: एक दिव्यांसाठी, दुसरी कॉम्प्युटरला कळवण्यासाठी. कनेक्टर काढा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली आहेत का ते दाखवणाऱ्या सेटिंगवर, ठेवा. पाय नसताना एक जोडी जुळलेली आणि दुसरी तुटलेली हवी. पेडल दाबल्यावर बरोबर उलट. तसं होत नसेल तर स्विच बदला. मॅन्युअल गाडीत क्लचचा स्विचही तपासा, त्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

इथे काही सापडलं नाही तर गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी-0571 किंवा पी-0504 कोड आला, तर पुन्हा ब्रेक स्विच आणि त्याची वायरिंग. पी-0500 म्हणजे वेगाच्या सेन्सरचा घोळ. एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवाही जळत असेल, तर चाकाजवळचे सेन्सर आणि त्यांचे कनेक्टर बघा. साचलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल तर आधी तेच. चेक इंजिनचा दिवा लागल्यावरही अनेक गाड्या क्रूझ बंद करतात. तेव्हा आधी इंजिनचा दोष काढा.

क्रूझसोबत हॉर्न आणि स्टिअरिंगवरची ऑडिओची बटणंही गेली असतील, तर संशय क्लॉक स्प्रिंगवर, म्हणजे स्टिअरिंगमागे वायर जोडून ठेवणाऱ्या गुंडाळीवर, घ्या. तिथे एअरबॅग असते, म्हणून ते काम घरी उघडू नका.

दुरुस्तीनंतर कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर 60 ला क्रूझ सेट करा आणि ब्रेकला हलकासा पाय लावा. क्रूझ त्याच क्षणी सुटलं पाहिजे. सुटलं नाही, तर गाडी पुन्हा गॅरेजला न्या.